अंगणातली आगटी आणि अम्माची अट

सातवीच्या वर्गात मराठीचा तास चालू होता. माझी शाळा उर्दू माध्यमाची. मुलं घरी दखनी बोलतात, काही यूपी-बिहारकडची हिंदी. मराठी त्यांना रस्त्यावर, बसमध्ये आणि माझ्या तासाला भेटते. धड्यात 'शेकोटी' हा शब्द आला. मी विचारलं, "शेकोटी म्हणजे काय?" मागच्या बाकावरचा एकजण चटकन उभा राहिला. "सर, कंपनी के गेट पे रात को वॉचमन टायर जलाता है ना, वो!"

वर्ग हसला. मीही हसलो. फळ्यावर शेकोटीसमोर 'अलाव' असा उर्दू शब्द लिहिला आणि पुढे सरकलो.

घरी येताना मात्र ते उत्तर डोक्यातून जाईना. पोराचं काही चुकलं नव्हतं. चाकण-भोसरी पट्ट्यात वाढणाऱ्या मुलाने दुसरी शेकोटी पाहिलेलीच नाही. टायर, थर्माकोल, रंगवलेल्या फळ्या, ऑईलने भिजलेली फडकी हेच त्याच्या शेकोटीचं सरपण. तिच्याभोवती एकटा वॉचमन बसतो, तोही नाकाला मफलर बांधून. लोक जवळ येऊन बसतात ती आग त्याच्या ओळखीची नाही.

तेव्हाच ठरवलं की दिवाळीच्या सुट्टीत परसात विटांची आगटी बांधायची, आणि तीही स्वतःच्या हाताने. त्यातून माझी जी फजिती झाली आणि जे शिकायला मिळालं ते लिहितो आहे. कारण हा प्रश्न फक्त विटांचा राहिला नाही.

चाकणजवळ आमचा एक गुंठ्याचा प्लॉट आहे. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १,०८९ चौरस फूट. पुढे घर, मागे दहा-बारा फुटांचं परस. त्यात एक शेवगा आणि कपडे धुण्याचा दगड. अब्बा सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून पिंपरीला आले आणि भोसरीच्या एका फाउंड्रीत लागले. आयुष्यभर भट्टीसमोर उभे राहिले. त्यांचा मुलगा बी.एड. होऊन मास्तर झाला आणि त्याला एक वीट सरळ ठेवता येत नव्हती. याची लाज वाटली म्हणूनही मी गवंडी लावला नाही.

कंपाउंडच्या भिंतीतून उरलेल्या राखाडी विटा होत्या. राखेच्या, म्हणजे फ्लाय ॲशच्या. सिमेंटची अर्धी गोणी होती. मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले, विटा पाण्यात भिजवल्या, सिमेंट-वाळू कालवली आणि दीड दिवसात गोल कट्टा उभा केला. दिसायला झकास. चौथ्या दिवशी रात्री पेटवला. अर्ध्या तासाने 'फट्' असा मोठा आवाज झाला आणि विटेचा एक टवका उडून माझ्या मुलीच्या पायाजवळ ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यावर आदळला. कुणाला लागलं नाही, अल्लाहचे आभार. पण मुलगी नववीत शिकते, तान्ही नाही, तरी ती उठून घरात गेली ती परत बाहेर आली नाही.

झालं ते असं. भिजवलेल्या विटांमध्ये पाणी होतं. बाहेरून कोरड्या दिसल्या तरी आत ओल होती. आग लागली की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ती वाट फोडून काढते. नदीतले ओले गोटे चुलीला लावले तर तेही असेच फुटतात. दुसरं म्हणजे सिमेंट पाण्याच्या जोरावर घट्ट झालेलं असतं. सतत जाळ लागला की ते पाणी उडतं, सांधे तडकतात आणि भुगा होतो. राखेच्या विटेलाही सिमेंट किंवा चुन्याचाच आधार असतो. ती भट्टीत भाजलेली नसते. भिंतीला ती उत्तम, पण जाळासमोर नको.

अम्मा दारात उभी राहून सगळं बघत होती. एवढंच म्हणाली, "बी.एड. किया, चूल्हा नहीं बना सका." मी हसून सोडून दिलं. पण सकाळी चहा पिताना तिने दुसरं वाक्य टाकलं. त्यावर हसता आलं नाही. "जिस धुएँ से छूटने में मेरी उमर गई, वो तू शौक से घर में लाया क्या?"

अम्माने वयाच्या आठव्या वर्षापासून चूल फुंकली. माहेरी फुंकली, सासरी फुंकली. पावसाळ्यात ओलं सरपण, डोळ्यांतून पाणी, हातात फुंकणी आणि पाठीवर मी. अब्बांनी पिंपरीत खोली केल्यावर रॉकेलचा स्टो आला, आणि खूप नंबर लावून गॅस आला तेव्हा तिने शेगडीला हार घातला होता. चुलीपुढची तिची पंचवीस वर्षं माझ्या हिशेबात कधी आलीच नव्हती. माझ्या आठवणीत चूल म्हणजे भाकरीचा पापुद्रा आणि निखाऱ्यावर भाजलेला कांदा. तिच्या आठवणीत चूल म्हणजे खोकला. एकाच चुलीच्या या दोन आठवणी. मी तिच्यापुढे बसून खात होतो आणि ती तिच्यापुढे बसून राबत होती, एवढाच फरक.

हा धूर किरकोळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या चुली-स्टोच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात सर्वाधिक भरडल्या जातात बाया आणि त्यांच्या कडेवरची लेकरं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली ती याच धुरासाठी. सिलिंडर भरायला पैसे नाहीत म्हणून कित्येक घरांत शेगडीच्या बाजूला आजही चूल आहे. आणि इकडे आमच्यासारखे महिन्याला पगार घेणारे लोक हायवेवर 'चुलीवरचं मटण' अशी पाटी दिसली की गाडी थांबवतात. ती चूल कोण फुंकतंय हे बघायला आत कुणी जात नाही.

अम्माच्या वाक्याने मला आणखी एक गोष्ट दिसली. आपल्या घरांत दोन प्रकारच्या आगी आहेत. एक चुलीची, दुसरी डेगची. वलीमा असो, अकीका असो की मोहर्रमचा खिचडा, डेग चढते ती अंगणात किंवा गल्लीत, विटांच्या भट्टीवर. ती भट्टी पुरुष रचतात. बावर्ची पुरुष असतो. तो डेगमागे मजुरी घेतो, त्याला सगळे 'उस्ताद' म्हणतात आणि दम कधी उघडायचा हे तोच ठरवतो. लोक बोटं चाटत त्याचं नाव विचारतात. आणि चुलीपुढे रोज दोन वेळा बसणारी? तिला मजुरी नाही, उस्तादकी नाही. मीठ कमी पडलं तर बोलणी मात्र आहेत. आग तीच, लाकूड तेच, कसबही कमी नाही. मग एकीला मान आणि एकीला खोकला, हे कसं?

यावर कुणी म्हणेल की सर, आपल्याकडे अशीच पद्धत आहे. मी एवढंच म्हणेन की पद्धत दाखवायची तर पैगंबरांची दाखवा. ते घरात असताना घरच्यांच्या कामात असत, हे हजरत आयेशांनी सांगितलेलं हदीसमध्ये आहे. शुक्रवारच्या बयानात हे ऐकून आपण मान डोलावतो आणि घरी येऊन दस्तरखानावर पाण्याचा पेला मागतो.

मी अम्माला म्हटलं, "तोडून टाकतो." ती म्हणाली, "तोड, पण दुसरी मी सांगते तशी बांध." आणि अट घातली. या आगीवर घरातली एकही बाई शिजवणार नाही. शिजवायचं असेल तर बाप्यांनी. भांडीही त्यांनीच घासायची. राख त्यांनीच उचलायची. "हमें बैठना है. बस, बैठना."

मग खरं बांधकाम सुरू झालं. शेजारच्या गल्लीत एक वयस्कर गवंडी राहतात, सगळे त्यांना मामू म्हणतात. पहिल्या वेळी त्यांना विचारायला मला कमीपणा वाटला होता. या वेळी विचारलं. त्यांनी पाडकामातल्या जुन्या लाल विटा मिळवून दिल्या. दोन विटा एकमेकींवर आपटून ऐकायला शिकवलं. खणखणीत आवाज आला तर पक्की भाजलेली, बद्द आला तर बाजूला. त्यांच्या पिशवीतून ओळंबा निघाला, त्याला आमच्या उर्दूत साहूल. गुण्या निघाला, तो तर फारसीतून सरळ मराठी गवंड्याच्या हातात आलेला. वर्गात भाषांचं नातं सांगायला मी किती उदाहरणं शोधतो, आणि ती इथे वाळूत पडलेली होती.

मोजमाप मुलीने केलं. आतला व्यास तीन फूट. मध्ये खुंटी, दोरीला खडू, कंपासपेटीतलंच वर्तुळ. आतला परीघ सुमारे ११३ इंच. वीट नऊ इंची, म्हणजे एका थरात बारा विटा आणि सांध्याला थोडी जागा. पाच थरांना साठ. जमिनीलगतच्या थरात चार ठिकाणी अर्ध्या अर्ध्या विटेची फट ठेवली, आत वारा जायला. ती नसेल तर आग गुदमरते आणि धूर करते. फटींमुळे दोन विटा वाचल्या, लागल्या अठ्ठावन्न. गोलाईमुळे विटांच्या बाहेरच्या बाजूला पाचरीसारखी फट पडते. ती विटेच्या तुकड्यांनी आणि चिखलाने भरायची. जमीन सात इंच खणली, त्यात चार इंच मुरूम-खडी चोपून भरली, म्हणजे पावसाचं पाणी तुंबत नाही. पहिला थर जमिनीच्या पातळीत बसला आणि वर चार थर, साधारण चौदा इंच उंच.

सिमेंट अजिबात नाही. चिखल अम्माचा. तिने आधी काळी माती नाकारली, "ये सूखी की फटती." मामूंनी गावठाणातल्या पडक्या घराच्या भिंतीची पांढरी माती आणली. ती चाळली. दोन घमेली माती, एक घमेलं बारीक वाळू, दोन ओंजळी गव्हाचा भुसा. पाणी घालून दोन रात्री मुरू दिली आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडून पायाने तुडवून घेतली. अम्मा खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. "अभी नहीं हुआ." "और मळ." गोळा हातात घेऊन दाबायची, कड फाटली की परत कामाला लावायची. सांधा बोटाएवढाच जाड ठेवायचा, हे मामूंनी सांगायच्या आधी तिने सांगितलं. मामू म्हणाले, "आपा को सब मालूम है, मैं घर जाऊँ क्या?" आयुष्यात पहिल्यांदा कुणी कारागिराने तिला कारागीर म्हणून वागवलं असेल. चूल घालणं हेही बांधकामच होतं, फक्त ते बायका करायच्या म्हणून त्याला बांधकाम म्हणायची रीत नव्हती.

मग पंधरा दिवस नुसतं वाळू दिलं. मला घाई होती, तिला नव्हती. पहिल्या दिवशी काटक्यांची मूठभर आग, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडी जास्त, असं करत आठवड्याने खरी आगटी पेटली. बारीक भेगा पडल्या, त्या चिखलाने सारवल्या. एकही वीट फुटली नाही.

आता धुराचं. शेजारच्या काकूंना दमा आहे. पहिल्या, फसलेल्या आगटीच्या रात्री त्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. आमच्यासारख्या मिश्र वस्तीत लोक बरंच काही बोलत नाहीत, आणि त्याचं पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून या वेळी मी आधी त्यांच्या दारात गेलो. त्या म्हणाल्या, "सर, शनिवारी पेटवा, साडेनऊपर्यंत. माझा नातूही येईल. पण वारा आमच्याकडे असेल तर नको." हा करार मी कागदावर लिहिला नाही, पण पाळतो. दोन शनिवार वारा उलटा होता, दोन्ही वेळा आगटी पेटली नाही. आग माझ्या जागेत असली तरी धूर माझ्या जागेत थांबत नाही. हक्काची भाषा आपण खूप शिकलो, शेजाराचीही शिकायला हवी.

काय जाळायचं हाही आपल्या पट्ट्यातला मोठा प्रश्न आहे. चाकण-म्हाळुंगेच्या भंगाराच्या दुकानांत लाकडी पॅलेट ढिगाने मिळतात, स्वस्तात. बघून घ्या. परदेशी माल वाहणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का आणि दोन अक्षरं असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड नुसतं तापवून कीड मारलेली आहे. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. एमबीचं लाकूड कधीही जाळू नये. 'एचटी' असलं तरी त्यावर तेल किंवा रसायन सांडलेलं नाही ना हे बघावं. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, टायर, प्लास्टिक यांचं तर नाव नको. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घातली, साध्या प्रसंगाला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. दंडाची भीती नसली तरी आपल्या मुलांच्या छातीची असावी. मी वखारीतून वाळलेलं बाभळीचं सरपण आणतो. महाग पडतं, म्हणून आग लहान राहते, आणि तेच बरं. बाजूला पाण्याची बादली आणि वाळूचं घमेलं. उठण्याआधी आग पूर्ण विझवायची. झोपताना घरात आग ठेवू नका ही ताकीद हदीसमध्ये आहे, आणि फायर ब्रिगेडही दुसरं काही सांगत नाही.

पहिल्या शनिवारी आगटीपाशी बसल्यावर अम्मा गावच्या खाईबद्दल बोलली. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात मोहर्रमला मशिदीसमोर किंवा पीराच्या जागेपुढे गोल खड्डा खणतात, ती खाई. मराठवाड्यात त्यालाच आलावा म्हणतात. मी वर्गात फळ्यावर लिहिलेला 'अलाव' तो हाच. पहिली कुदळ मारण्याचा मान, लाकडं आणण्याचा मान गावोगावी वेगवेगळ्या घराण्यांकडे असतो आणि त्यात हिंदू घराणीही असतात. कडेगावच्या उंच ताबुतांची तर सगळ्या महाराष्ट्राला ओळख आहे, आणि तिथेही मान मुसलमान-हिंदू दोघांचा. आज आपल्यातले अनेकजण याला बिदअत म्हणतात. दीनी बाजूने तो वाद आहे, आणि तो सोडवायला मी आलीम नाही. पण एक विचारावंसं वाटतं. ती खाई बुजवली तेव्हा तिच्याभोवती बसायची जी जागा होती, तिच्या बदल्यात आपण दुसरी कोणती जागा केली? प्रथा सोडायची तर सोडा, पण शेजाऱ्याने हक्काने येऊन बसावं अशी जागा सोडून कसं चालेल? इथे एमआयडीसीत अर्धी वस्ती बाहेरून आलेली. एकाच पाळीत काम करणारी माणसं, मात्र एकमेकांच्या घरी पाऊल टाकलेलं नाही.

आमची आगटी म्हणजे खाई नव्हे, आणि तिने समाज बदलेल असा माझा दावा नाही. अठ्ठावन्न विटा आहेत त्या. पण शनिवारी काकूंचा नातू येतो, मामू येतात, माझे दोन भाऊ येतात. खिचडी मी करतो, भांडी भाऊ घासतात. पहिल्या वेळी खिचडी तळाला लागली. अम्माने खाल्ली आणि म्हणाली, "नमक कम है." इतकी वर्षं हे वाक्य तिने ऐकलं होतं, आता म्हणण्याची पाळी तिची होती.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. जागा असेल तर आगटी जरूर बांधा, आणि स्वतः बांधा. आपल्या मुलांनी डिग्री घ्यावीच, पण थापी धरणाऱ्या हाताला खालचं मानायला शिकू नये. ते शिकवायला एक दिवस त्यांच्या हातात थापी द्यावी लागते. पण पहिली वीट ठेवण्यापूर्वी दोन माणसांना विचारा. एक, शेजारी ज्याच्या खिडकीत तुमचा धूर जाणार आहे. आणि दुसरी, घरातली ती बाई जिने चूल फुंकली आहे. ती नको म्हणाली तर बांधू नका. हो म्हणाली तर तिची अट काय आहे ते नीट ऐका, आणि चिखल कसा मळायचा तेही तिलाच विचारा.

सुट्टीनंतर सातवीच्या त्या पोराला मी एका शनिवारी घरी बोलावलं, त्याच्या वडिलांसह. वडील एका कंपनीत रात्रपाळीला वॉचमन आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. ते बराच वेळ आगीकडे बघत बसले आणि म्हणाले, "गेट पे लकड़ी कौन देता है सर, जो मिले वो जलाते हैं." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निघताना त्यांच्या हातात बाभळीच्या दोन मोळ्या दिल्या. चार रात्री पुरल्या असतील. ज्या कंपनीच्या गेटवर माणूस थंडीत रात्रभर उभा राहतो, तिने त्याला बसायला एक उबदार खोली द्यावी, हे मात्र मास्तरांनी एकट्याने म्हणून भागणार नाही. तुम्हीही म्हणा.